जोतं किती फूट? टिटवाळ्यातलं घर आणि रीलमधलं घर

ज्यांना लोकलच्या गर्दीत एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. बोलताना काही आकडे घाईत निघून गेले होते, ते इथे नीट दिलेत.

आजचा विषय आहे घर. म्हणजे आजच्या काळातलं, पण आजूबाजूच्या परिसराशी जुळणारं घर. हा विषय आता का, तर टिटवाळ्यातलं आमचं जुनं कौलारू घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय आणि गेले काही महिने घरात त्यावरून रोज चर्चासत्र चालू आहे.

बाबांना स्लॅब हवा, वर गच्ची. आजीला ओटी हवी, बाकी काही करा. आणि माझ्याकडे सेव्ह केलेल्या चाळीसेक रील्स. जांभ्याच्या भिंती, लाल कौलं, मधे चौक, कोपऱ्यात पितळी समई. मी म्हटलं, "आजी, हे बघ, असं आपल्या मातीतलं घर बांधू." आजीनं फोन लांब धरून नीट पाहिलं आणि विचारलं, "हा तांबडा चिरा आपल्याकडं कुठं मिळतो रे?"

मिळत नाही. जांभा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा. टिटवाळ्यात खणलं की काळा कातळ लागतो, म्हणजे बेसॉल्ट. आणि कल्याण, भिवंडी, शहापूर या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. म्हणजे माझं 'लोकल' घर तीनेकशे किलोमीटरवरून ट्रकनं येणार होतं. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर मी दुसऱ्याच्या प्रोजेक्टचा कोड कॉपी-पेस्ट करत होतो आणि त्यांचा प्रॉब्लेम वेगळा होता.

मग मी दिसण्याचं बाजूला ठेवलं आणि आपल्या जागेचे प्रश्न काय आहेत ते लिहून काढले. तीनच निघाले: ऊन, पाऊस आणि काळू नदी.

ऊन: वरून येणारं आणि पश्चिमेचं

शून्य सावलीचा दिवस माहीत असेल. आपल्या भागात साधारण मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, त्यामुळे कळत नाही. मे महिन्यात मात्र सगळा मार छपरावर बसतो.

सपाट स्लॅब दिवसभर ही उष्णता पितो आणि रात्री खोलीत सोडतो. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री अकरा वाजता पंख्याखाली गरम वारा लागतो. कौलांचं तसं नाही. कौल पातळ असतं, लवकर तापतं आणि लवकर निवतं. शिवाय आढ्याखाली उंची असल्यामुळे गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडते.

भिंतींचं गणित वेगळं. दुपारी तीननंतरचं ऊन तिरकं येतं, त्याला छपराची सावली पुरत नाही. म्हणून पश्चिमेला झोपायची खोली नको. तिथे जिना, बाथरूम, अडगळीची खोली किंवा पडवी. आमच्या जुन्या घरात पश्चिमेला लाकूडफाट्याची पडवी होती. मला ती वाया गेलेली जागा वाटायची. ती माजघराची ढाल होती हे आता कळलं.

पाऊस: आणि गच्चीवरचा पत्रा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. जुन्या घरांत याचं उत्तर म्हणजे उतरतं छप्पर आणि भिंतीच्या चांगलं बाहेर आलेली वळचण. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि भिंत कोरडी राहते.

आता गंमत बघा. कल्याण-डोंबिवलीत ट्रेनच्या खिडकीतून बाहेर बघा. किती सपाट गच्च्यांवर पत्र्याची शेड दिसते? आधी आपण उतार काढून टाकला, मग गच्ची गळायला लागली, मग वॉटरप्रूफिंग केलं, तरी गळाली, मग वर पुन्हा उतरता पत्रा टाकला. उतार परत आलाच, फक्त दोनदा पैसे भरून.

हा प्रश्न मोठमोठ्या वास्तुरचनाकारांनाही पडलाय. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कांचनजंगा नावाची उंच इमारत केली, ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांना यासाठी चारी बाजूंनी व्हरांडे असायचे. कोरियांनी तीच युक्ती उचलून प्रत्येक फ्लॅटच्या कोपऱ्यात खोल, दुमजली उंचीची गच्ची-बाग दिली. इमारत दिसायला पूर्ण आधुनिक, काँक्रीटची. एकही कौल नाही. पण उत्तर इथल्याच हवेला दिलेलं.

दुसरं उदाहरण अलिबागजवळ नांदगावचं पामायरा हाऊस, २००७ सालचं, बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईचं. नारळाच्या वाडीत दोन लांबट लाकडी खोकी. खाली काळ्या दगडाचा पाया आणि भिंतींच्या जागी ताडाच्या खोडापासून केलेल्या झडपा, ज्यांतून वारा येतो आणि ऊन अडतं. ते श्रीमंतांचं सुट्टीचं घर आहे, आपल्या बजेटमध्ये बसणारं नाही. पण पश्चिमेच्या खिडकीला काचेऐवजी झडपा लावणं आपल्यालाही परवडतं.

तिसरं आपल्याला सगळ्यात जवळचं: नवी मुंबईतलं बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. हेही कोरियांचंच, १९८३ ते १९८६ मधलं. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे पैसे आले की आपापलं वाढवता यावं. आणि बांधकाम असं की साध्या गवंड्याला जमेल. पुढे अनेकांनी ती उतरत्या छपरांची घरं पाडून स्लॅबची मोठी घरं बांधली. काहींना ते अपयश वाटतं. मला वाटतं, कुटुंब वाढणार हे त्यांनी धरलंच होतं. अंगणं मात्र बऱ्याच ठिकाणी टिकली.

काळू नदी: इथे गाडी अडली

आता मूळ मुद्दा. कॉन्ट्रॅक्टरनं जो प्लॅन आणला, त्यात जोतं होतं दीड फूट. कारण? गाडी सरळ आत घेता येईल. बाबा खूश.

आजी म्हणाली, "सव्वीस जुलैला पाणी कुठवर आलं होतं, विसरलास का?" २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. काळू आणि उल्हास दोन्ही फुगल्या होत्या. मी तेव्हा लहान होतो, मला फक्त माळ्यावर बसून खाल्लेली बिस्किटं आठवतात. आजीला पाण्याची रेघ आठवते: "उंबऱ्याच्या खाली चार बोटं."

मी टेप घेतली. जुनं जोतं जमिनीपासून तीन फूट. चार बोटं म्हणजे तीन इंच धरू. म्हणजे पाणी पावणेतीन फूट चढलं होतं. नवीन जोतं दीड फूट ठेवलं, तर तेवढ्याच पुरात घरात सव्वा फूट पाणी. पलंगाखालचं सगळं गेलं, फ्रीजची मोटर गेली, खालचे प्लग पाण्यात.

वर आणखी एक गोष्ट. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्यानं भरून मी अंगणाची आणि रस्त्याची पातळी ताडून पाहिली. दर वेळी नवं काँक्रीट चढून रस्ता आमच्या अंगणापेक्षा फूटभर वर गेलाय. म्हणजे आता पाणी आलं तर लवकर जाणारही नाही. तुमच्याकडे घराचं काम निघालं असेल तर ही नळीची चाचणी नक्की करा. दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो.

मी बाबांना वहीवर गणित दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग चार फूट करू. पण आई चढणार कशी?" खरंच. चार फूट म्हणजे सहा इंचांच्या आठ पायऱ्या आणि आजीचे गुडघे.

उत्तर आजीच्या मागणीतच होतं. ओटी. चार पायऱ्या चढलं की दोन फुटांवर ओटी, बसायला कट्टा, धरायला कठडा. दम खाऊन मग पुढच्या चार. पूर आला तर ओटी बुडेल, घर नाही. आणि सगळ्या अंगणात भराव टाकायचा नाही. सगळा प्लॉट उंच केला तर आपलं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. फक्त घर उंच, अंगण खालीच.

शेवटी काय ठरलं

जोत्याला काळा दगड, भिंती विटांच्या, पश्चिमेला जिना आणि बाथरूम, चार फूट जोतं. छपराबाबत तडजोड झाली. पूर्ण कौलारू घराला दर वर्षी पावसाआधी शाकारणी लागते, माकडं कौलं फोडतात आणि कौलं परतणारी माणसं आता शोधावी लागतात. म्हणून आतल्या दोन खोल्यांवर स्लॅब, त्यावर पहिल्या दिवसापासून उतरतं छप्पर आणि मधे वारा खेळायला मोकळी जागा. ओटी आणि पुढच्या खोलीवर लोखंडी सांगाड्यावर कौलं. गाडी बाहेर, अंगणात. बाबा अजून थोडे नाराज आहेत.

हे घर रीलमध्ये फार भारी दिसणार नाही. पण तुम्ही घर बांधत असाल, किंवा गावच्या घराचं काम निघालं असेल, तर फोटो गोळा करण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. पाणी कुठवर आलं होतं? पाऊस कुठून मारतो? मे महिन्यात दुपारी तुम्ही कुठे झोपायचात? उत्तरं लिहून घ्या आणि आर्किटेक्टकडे तीच वही घेऊन जा.

तुमच्या घरच्यांनी काय उत्तरं दिली ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर, काळजी घ्या!