लोकल विरारची, गोष्टी ग्लोबल!

विरार फास्टमध्ये उभं राहायला जागा मिळाली? अभिनंदन! एक हात हँडलला, दुसऱ्या हातात हा मजकूर. चला, सुटली गाडी!

माहीत आहे का, या लाइनवरची पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली, ती विरारहूनच? विरार ते बॅकबे, दिवसाला फक्त एक गाडी. चुकली की डायरेक्ट उद्या! तीन मिनिटं लेट झाली म्हणून कुरकुरणाऱ्यांनो, ऐकताय ना?

नालासोपाऱ्याचं नाव काढलं की फक्त गर्दी आठवते? अहो, हे प्राचीन शूर्पारक, एकेकाळचं बडं इंटरनॅशनल पोर्ट. सम्राट अशोकाचा शिलालेखही इथे सापडलाय. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची. सोन्याच्या डबीत काय असेल? हिरे? चक्क मातीच्या भांड्याचे तुकडे! बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. असलं अनबॉक्सिंग यूट्यूबवर दाखवा बघू!

आता वसई. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला आणि इथल्या चर्चच्या घंटांनी पत्ता बदलला. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जी भलीमोठी घंटा आहे ना, तिच्यावर साल कोरलंय १७२१. ती वसईचीच! भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आणखी एक, तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेली मारिया. मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचं गाव, आणि ‘स्वदेस’मधलंही. शंकराच्या दारात मारियाची घंटा! सेक्युलरिझमवर भाषणं ठोकणाऱ्यांनी एकदा जाऊन ती वाजवावीच.

आणि विधिलिखित बघा. त्याच वसईत, १८०२ च्या थर्टी फर्स्टला, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. चुलत आजोबा चिमाजींनी कमावलं, नातवाने सही करून घालवलं. पार्टी इंग्रजांची, बिल मराठ्यांचं!

माहीत आहे का, कॅथलिक चर्चने संतपद दिलेली भारतात जन्मलेली पहिली व्यक्ती वसईची? गोन्सालो गार्सिया! जपानला गेला, फाडफाड जपानी शिकला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर चढवला गेला. संतपद मिळालं १८६२ मध्ये. चर्चच्या फायलीही सरकारीच म्हणायच्या!

कोल्डप्लेच्या ‘हिम फॉर द वीकेंड’मध्ये दिसणारा पडका किल्ला? हो, तोच आपला वसईचा!

भूक लागली? सुकेळी मागा. पिकलेलं राजेळी केळं सोलून उन्हात वाळवायचं, बस्स. साखरेचा कण नाही, तरी रंग मधाचा आणि गोडी तशीच. चिवट असतं, दाताला थोडं काम पडतं. आमच्या मते एनर्जी बारचे सगळे ब्रँड याच्यापुढे फेल!

भाईंदर सोडलं की खाडीवरचा पूल लागतो. खाली पाणजू बेट आहे, तिथे माणसं राहतात, होड्या ये-जा करतात. तेव्हा प्लीज, गाडीतून निर्माल्याची पिशवी भिरकावू नका. देव वसईलाही आहे, स्टेशनवर उतरून शांतपणे द्या.