हिरड्यांची खोल सफाई आणि गोळ्यांचा कोर्स

पायोरिया म्हणून ओळखला जाणारा हिरड्यांचा तीव्र आजार सुरू होतो तो दाताच्या मुळाशी चिकटलेल्या जिवाणूंच्या थरातून. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. तीव्र आजारात ती ६ मिलिमीटर किंवा त्याहूनही खोल जाते, दात धरून ठेवणारे हाड झिजते आणि दात हलू लागतात. अशा वेळी औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून भागवले जाते. आजार जंतूंचा आहे, तेव्हा जंतू मारणारी गोळी पुरे, असा त्यामागचा हिशेब. तो चुकतो.

हे जंतू सुटे नसतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात ते दाटीने वस्ती करून राहतात; याला बायोफिल्म म्हणतात. औषध तिच्या तळापर्यंत पुरेसे पोचत नाही. शिवाय तळाच्या जिवाणूंची वाढ मंदावलेली असते आणि अनेक अँटिबायोटिके वाढत्या जिवाणूंवरच नीट चालतात. दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या लेव्हेनहुक यांनी १६८४ मध्येच नोंदवले होते की, व्हिनेगरने दात धुतल्यावर थराच्या बाहेरच्या बाजूचेच सूक्ष्मजीव मेले. अँटिबायोटिके यायला तेव्हा अडीचशे वर्षे अवकाश होता! थर तसाच ठेवून नुसत्या गोळ्या घेतल्या, तर सूज उतरते, दुखणे थांबते, आजार मात्र जागेवरच राहतो.

म्हणून आधी खोल सफाई. जागा बधिर करून हिरडीखालचे कीटण आणि थर मुळावरून खरवडून काढतात. यावरही एक जुना आक्षेप आहे: सफाईने दात ढिले होतात, फटी पडतात. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते. कीटणाने बुजलेल्या फटी ते निघाल्यावर उघड्या पडतात, आणि सूज ओसरून हिरडी आक्रसल्याने दात लांब दिसतात. थंड पाण्याची कळ काही दिवस येते, हे खरे.

मग अँटिबायोटिकचे काम काय? ‘काहीच नाही’ हेही टोकाचेच उत्तर. १९८९ पासून अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी खोल सफाईबरोबर वापरली जात आहे. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत ही जोडी ७ दिवस दिली गेली आणि सर्वांची तीन-तीन महिन्यांनी देखभाल झाली. २७.५ महिन्यांनंतर दाताचा आधार आणखी सुटलेल्या जागांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ५.३ टक्के, तर औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत ७.८ टक्के होते. फायदा खरा, पण बेताचा. बहुतेक काम सफाईनेच केलेले. एवढ्यासाठी प्रत्येकाला कोर्स देणे परवडत नाही, कारण जुलाब, मळमळ, ॲलर्जी आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू ही त्याची किंमत आहे. युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सरसकट वापराला नकार देतात आणि आजार वेगाने तोंडभर पसरलेल्या तरुण रुग्णांसारख्या मोजक्या गटांत विचार करायला मोकळीक देतात.

कोर्स द्यायचाच ठरला, तर तो सफाईला जोडूनच दिला जातो. अर्धवट उरलेल्या जुन्या गोळ्या यासाठी निरुपयोगी आहेत. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्याला अमॉक्सिसिलिन चालत नाही. मेट्रोनिडाझोल चालू असताना मद्य टाळायला सांगतात, आणि वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह कायम असतील तर जखम भरून येणे मंदावते, त्यावर गोळ्यांचा उपाय नाही.

साधारण तीन महिन्यांनी खाचा पुन्हा मोजल्या जातात. रक्त येणाऱ्या खोल खाचा उरल्या असतील तर त्या जागी पुन्हा सफाई होते किंवा हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते.