सोलापूरचं डाळिंब आणि ग्लासातली व्होडका

बार-काउंटरवर लाल रंगाच्या एका पाकाची बाटली हमखास असते. तिचं नाव ग्रेनाडीन. फ्रेंच भाषेत ‘ग्रेनाद’ म्हणजे डाळिंब, आणि हा पाक मुळात डाळिंबाच्याच रसाचा. आज मात्र बाजारातल्या अनेक बाटल्यांत साखर, रंग आणि कृत्रिम स्वाद एवढंच उरलं आहे. सोलापुरात राहून ही बाटली विकत घेणं म्हणजे विहिरीकाठी बसून टँकरची वाट बघणं.

२०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथलंच, शहराजवळच्या केगावचं, स्थापना २००५ची. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या कमी पावसाच्या तालुक्यांत शेतकऱ्यांनी ठिबकवर बागा उभ्या केल्या आणि तेल्या रोगाशी झुंजत त्या टिकवल्या. त्यातला भगवा वाण कॉकटेलसाठी उत्तम: दाणे गडद लाल, गोड, बी मऊ.

व्होडकाला स्वतःची चव फारशी नसते. वारंवार ऊर्ध्वपातन करून आणि बहुतेकदा कोळशातून गाळून तिचा वास जवळजवळ काढून टाकलेला असतो. म्हणून ग्लासात जे चाखायला मिळतं ते फळच, आणि खरी मेहनतही फळावरच घ्यायची.

सगळ्यात जास्त बिघडतं ते रस काढताना. दाण्यांबरोबर पांढरा पापुद्रा गेला की कडवटपणा आलाच. साल आणि पापुद्र्यात टॅनिन भरपूर असतं. सालीने तर पूर्वापार कापडही रंगवतात. मिक्सर सतत फिरवला तर बिया भरडल्या जातात आणि रस तुरट होतो. दोन-तीन वेळा नुसता झटका द्यावा आणि गाळणीत पळीने हलकेच दाबावं.

एका ग्लासाला ७५ मिली रस, ४५ मिली व्होडका, १५ मिली कागदी लिंबाचा रस आणि चमचाभर साखरपाक पुरतो. भगवा मुळातच गोड असल्याने लिंबू टाळू नये. आंबटपणाने चव उठते, रंगही खुलतो. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते. त्यात बर्फ भरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवावं. पेय गार होतंच, शिवाय वितळलेल्या बर्फाचं थोडं पाणी मिसळून व्होडकाचा तिखट झोंबरेपणा उतरतो. सोडा हवा असेल तर शेवटी, वरून घालावा. बाटलीत घालून हलवला तर झाकण उडेल.

महाराष्ट्रात व्होडका पिण्यासाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते आणि परवानाही लागतो, घरी प्यायची असली तरी. न पिणाऱ्यांसाठी त्याच रसात व्होडकाऐवजी सोडा घालावा; चवीत काही उणं पडत नाही.

मृग बहराची फळं डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास उतरतात, हस्त बहराची मार्च-एप्रिलला आणि आंबे बहराची जुलै-ऑगस्टला. सोलापूरकरांना बाटलीतल्या लाल पाकाची गरज वर्षात कधीच पडू नये.