गोळी नेमकं काय थांबवते?

● काम कसं चालतं? इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरकं असलेली रोजची गर्भनिरोधक गोळी मुख्यतः बीजांड बाहेर पडू देत नाही. गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. गर्भाशयाचं अस्तरही पातळ होतं.

● वाद कशाचा? पातळ अस्तरामुळे फलित बीज रुजलं नाही तर तो गर्भपातच, असं फलनापासून जीव मानणारे म्हणतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र १९६५ मध्येच गर्भधारणेची सुरुवात बीज रुजण्यापासून धरली.

● न्यायालयात : ‘हॉबी लॉबी’ या अमेरिकी कंपनीच्या मालकांचा याच कारणावरून आक्षेप रोजच्या गोळीवर नव्हे, तर तातडीच्या दोन गर्भनिरोधक गोळ्या आणि गर्भाशयात बसवायच्या दोन साधनांवर होता. कर्मचाऱ्यांच्या विम्यातून ती वगळण्याची मुभा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिली.

● पुरावा : लेव्होनॉरजेस्ट्रेल या प्रोजेस्टिनची तातडीची गोळी बीजांड बाहेर पडणं रोखते किंवा लांबवते, बीज रुजण्यात अडथळा आणत नाही. त्यानुसार अमेरिकी औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या माहितीपत्रकात बदल केला.

● महत्त्वाचं : श्रद्धा ज्याची त्याची; पण गोळी घेणाऱ्या बाईला खरी, पूर्ण माहिती मिळायलाच हवी.