भूऔष्णिक विहिरींतील क्षारथर

भूऔष्णिक विहिरींतील क्षारथर म्हणजे भूगर्भातील तप्त पाणी वर येत असताना त्यात विरघळलेली खनिजे वेगळी होऊन विहिरीच्या नळीला आतून चढणारे कठीण पूट होय. हे पूट वाढले की वाफेचा मार्ग अरुंद होतो, विहिरीच्या मुखाशी दाब घटतो आणि वीजनिर्मिती मंदावते.

वर्धा जिल्ह्यासारख्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात विहिरीचे जड पाणी तापवणाऱ्या बंबात पांढरा क्षार साचतो. भूऔष्णिक विहिरीतील क्रिया मुळात तीच आहे. कॅल्शियम बायकार्बोनेट असलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की कॅल्साइट वेगळा होतो. बंबात हा वायू उष्णतेमुळे निघतो. विहिरीतील पाणी मात्र आधीच तप्त असते व वर येताना दाब उतरल्यामुळे उकळू लागते. म्हणून कॅल्साइट संपूर्ण विहिरीत न बसता उकळबिंदूच्या पातळीलगतच्या पट्ट्यात दाटतो. सिलिका याउलट पाणी थंड होताना साचते. त्यामुळे ती बहुधा जमिनीवरील नळांत आणि वापरलेले पाणी परत सोडण्याच्या विहिरींत आढळते.

== सफाई ==

तारेला वजन बांधून ते विहिरीत सोडले असता ते जेथे अडते, तेथे अडथळा असल्याचे कळते. त्यानंतर वेधनयंत्राने पूट खरवडून काढतात. यासाठी विहीर थंड पाण्याने भरून शांत करणे सोयीचे असले, तरी अचानक गारव्याने पोलादी केसिंग व तिच्याभोवतीचे सिमेंट तडकण्याची भीती असते. आइसलँडमधील स्वार्त्सेंगी येथे विहीर वाहती ठेवूनच सफाई करण्यात आली. सुटलेले तुकडे वाफेच्या जोरानेच बाहेर पडतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्साइट विरघळतो, परंतु आम्ल केसिंगही खाते. म्हणून त्यात गंजरोधक मिसळावा लागतो. सिलिकावर हे आम्ल चालत नाही.

तुर्कस्तानातील किझिल्देरे येथे 1984 मध्ये वीजकेंद्र सुरू झाले. तेथील पाण्यात कार्बन डायऑक्साइड विपुल असल्याने विहिरी वारंवार खरवडाव्या लागत. (हाच वायू तेथे वेगळा करून विकलाही जातो.) अलीकडे अनेक ठिकाणी उकळण्याच्या पातळीखाली बारीक नळीने प्रतिबंधक रसायन अखंड सोडतात. त्याची मात्रा अत्यल्प असते, मात्र पुरवठा खंडित झाल्यास पूट पुन्हा धरू लागते.

== भारतातील स्थिती ==

महाराष्ट्रात वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे आणि विदर्भाच्या सीमेलगत किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथे उष्ण झरे आहेत. त्यांच्यावर चालणारे वीजकेंद्र नाही. लडाखमधील पुगा खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1970 च्या दशकात विंधन विहिरी घेतल्या होत्या.