क्लचचे पेडल आणि क्लच

क्लचचे पेडल नसलेली प्रत्येक गाडी ‘ऑटोमॅटिक’, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु आम्हां कणकवलीकरांना कोल्हापूरला जाताना फोंडा घाट चढावा लागतो, आणि तेथे या एका नावाखाली दोन निराळी यंत्रे आहेत हे कळून येते.

पहिले एएमटी. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओतून ते सामान्यांच्या आवाक्यात आले. यात गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचची तबकडीही नेहमीचीच. फक्त आपल्या हातापायांचे काम यंत्रणा करते. म्हणून ते स्वस्त पडते व इंधन कमी खाते. मात्र गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते.

दुसरे जुने ऑटोमॅटिक. त्यात तबकडीच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडील पंखा तेल फिरवतो व ते तेल पलीकडचा पंखा फिरवते. गाडी निघताना यामुळे जोर वाढतो, हिसका बसत नाही. पण तेल घुसळण्यात थोडे इंधन खर्ची पडते.

आता घाटात वाहने खोळंबली आहेत असे समजू. एएमटीची गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरली, तर तबकडी घसरत राहते, तापते आणि झिजते. तेव्हा आपण ब्रेक दाबूनच थांबावे व निघताना हॅण्डब्रेकचा आधार घ्यावा. पेडल गेले असले तरी क्लच आत आहेच.