किल्टसोबत टार्टन वापरण्याचे संकेत

किल्टसोबत टार्टन वापरण्याचे संकेत म्हणजे स्कॉटलंडच्या पारंपरिक पुरुषवेशात किल्टबरोबर टाय, मोजे, वेस्टकोट, खांद्यावरचे वस्त्र इत्यादी टार्टन कापडाच्या वस्तू घालाव्यात की नाहीत, आणि घातल्यास त्या कोणत्या टार्टनच्या असाव्यात, याविषयीचे रूढ शिष्टाचार होत. आज सर्वसाधारणपणे मानला जाणारा संकेत असा आहे की, एका वेळी अंगावर एकच टार्टन असावे, ते किल्टचे असावे आणि इतर बहुतेक वस्त्रे एकरंगी असावीत. हा नियम फार प्राचीन असल्याचा समज स्कॉटलंडबाहेर आणि काही अंशी स्कॉटलंडमध्येही आढळतो. अठराव्या शतकातील चित्रे पाहिली असता मात्र वस्तुस्थिती याच्या उलट दिसते.

टार्टन आणि किल्ट

टार्टन हे उभ्या व आडव्या रंगीत पट्ट्यांच्या छेदांतून तयार होणारे चौकड्यांचे कापड आहे. उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम व जी संख्या असते, तीच सामान्यतः आडव्या धाग्यांतही ठेवली जाते. एकाच रंगाचे धागे जेथे एकमेकांना छेदतात तेथे शुद्ध रंग दिसतो आणि भिन्न रंगांचे छेदतात तेथे मिश्र छटा उमटते. रंगांच्या या पुनरावृत्त रचनेला ‘सेट’ म्हणतात. विशिष्ट कुळाचे, प्रदेशाचे किंवा सैन्यदलाचे टार्टन ओळखले जाते ते या सेटवरून.

किल्ट हे कमरेभोवती गुंडाळायचे, गुडघ्यापर्यंत येणारे वस्त्र होय. त्याचा पुढचा भाग सपाट असतो, तर बाजूला व मागे शिवलेल्या निऱ्या असतात. परंपरागत पूर्ण किल्टसाठी सुमारे ८ यार्ड (७.३ मीटर) कापड लागते. म्हणजेच टार्टनचा फार मोठा विस्तार एकट्या किल्टमध्येच येतो. पूरक वस्त्रांविषयीचे पुढील बहुतेक संकेत या साध्या गोष्टीतून निघाले आहेत. जिथे एवढी चौकडी आधीच आहे, तिथे आणखी किती हवी, हा मूळ प्रश्न आहे.

ऐतिहासिक स्वरूप

हायलँड प्रदेशातील पुरुष साधारणतः सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एक लांबलचक लोकरी वस्त्र कमरेला पट्ट्याने बांधून त्याचा वरचा भाग खांद्यावर घेत असत. आजचा आखूड किल्ट या वस्त्राच्या खालच्या भागापासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. त्या काळी विणकर स्थानिक असे, रंगही बहुधा जवळपासच्या वनस्पतींचे असत. कापडाची चौकडी ही कुळाची खूण असण्यापेक्षा विणकराची, प्रदेशाची व वापरणाऱ्याच्या आवडीची बाब होती.

याचा ठळक पुरावा म्हणजे डेव्हिड मोरिए या चित्रकाराचे कलोडेनच्या लढाईवरील चित्र. ही लढाई १६ एप्रिल १७४६ रोजी झाली. चित्रात पुढे दिसणाऱ्या आठ हायलँडर योद्ध्यांच्या अंगावर वीसहून अधिक वेगवेगळी टार्टन मोजता येतात. कोट एका चौकडीचा, किल्ट दुसऱ्या, मोजे तिसऱ्याच. सर जेम्स व सर अलेक्झांडर मॅकडोनल्ड या बालबंधूंचे त्याच सुमाराचे चित्रही असेच आहे. विल्यम मॉस्मनच्या नावावर असलेल्या या चित्रात एका प्रतिष्ठित कुळातील मुलांच्या वस्त्रांत भिन्न टार्टन शेजारी शेजारी आली आहेत. आजच्या संकेतानुसार जी चूक ठरेल, ती या घराण्याने चित्रकारासमोर मिरवलेली दिसते.

लढाईनंतर ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधील पुरुषांना व मुलांना हायलँड पोशाख घालण्यास मनाई झाली. सैन्यातील लोक त्यातून वगळले होते. हा कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. मधल्या पस्तीस वर्षांत रोजच्या वापराची सवय बऱ्याच ठिकाणी मोडली. टार्टनची परंपरा अखंडपणे टिकली ती मुख्यतः सैन्यात, आणि सैन्यात साहजिकच एका पलटणीला एकच ठरावीक चौकडी होती. पुढे कुळागणिक एक टार्टन ही कल्पना रुजण्यास या लष्करी सवयीने हातभार लावला असे मानले जाते.

१८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुलप्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा काही प्रमुखांना आपले टार्टन कोणते हे ठाऊक नव्हते. बॅनकबर्न येथील विल्सन या विणकर पेढीने अनेक चौकड्यांना कुळांची व गावांची नावे देऊन विक्री केली. ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. त्या भेटीचे आयोजन कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केले होते आणि कुलप्रमुखांनी आपापल्या टार्टनमध्ये यावे अशी अपेक्षा होती. राजाच्या स्वतःच्या हायलँड पोशाखाचा खर्च १,३५४ पौंड १८ शिलिंग झाला. त्याने किल्टखाली कातडीच्या रंगाची घट्ट विजार घातली होती, हा त्या वेळी थट्टेचा विषय झाला.

या भेटीनंतर जुळणीचा अतिरेक सुरू झाला. किल्ट, खांद्यावरचे वस्त्र, मोजे, कधीकधी कोटदेखील एकाच चौकडीचा असा वेश व्हिक्टोरिया राणीच्या काळात उच्चवर्गात रूढ झाला. बालमोरल येथील राजवाड्यात तर गालिचेही टार्टनचे होते. विसाव्या शतकात, साध्या लोकरी जाकिटाचा दिवसाचा वेश आणि काळ्या जाकिटाचा संध्याकाळचा वेश स्थिर झाल्यावर, या भरगच्च जुळणीविरुद्धची अभिरुची प्रबळ झाली. त्यामुळे आजचा ‘किल्ट टार्टनचा, बाकी साधे’ हा संकेत या क्रमातील तिसरा टप्पा ठरतो.

आजचे संकेत

टाय. किल्टबरोबर त्याच टार्टनचा टाय घालणे जाणकार टाळतात. किल्टमधील एखादा गौण रंग निवडून त्या रंगाचा एकरंगी टाय घालणे अधिक पसंत केले जाते. टार्टनचा टाय त्याज्य नाही. तो किल्ट न घालणाऱ्याने, साध्या सूटवर घालायचा असतो. विवाहप्रसंगी वराच्या टार्टनचा टाय घातलेले पाहुणे याच कारणाने सर्वत्र दिसतात. औपचारिक रात्रभोजनास काळा बो टाय वापरतात. भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानांतून मात्र किल्टच्याच कापडाचा टाय सर्रास दिला जातो आणि तो घातल्याने कोणाचा अपमान होत नाही. ही अभिरुचीची बाब आहे, सभ्यतेची नाही.

वेस्टकोट. टार्टनचा वेस्टकोट टार्टन विजारीवर किंवा साध्या विजारीवर शोभतो. किल्टवर तो साधा असावा. पुढच्या बाजूस वेस्टकोट आणि किल्ट यांची चौकडी एकमेकींना भिडते आणि पट्ट्यांच्या रेषा जुळत नाहीत, हे त्यामागचे दृश्य कारण आहे.

मोजे व त्यांचे फीतगोंडे. दिवसाच्या वेशात जाड विणीचे एकरंगी मोजे असतात. हिरवट, राखी, निळे किंवा किल्टमधील रंगाशी मिळते रंग चालतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाड्याच्या पोशाखांमुळे पांढरे मोजे पसरले. रूढिप्रियांना ते अजूनही खटकतात. औपचारिक सायंवेशात मात्र तिरप्या चौकटींचे किंवा पूर्ण टार्टनचे मोजे मान्य आहेत. असे मोजे किल्टच्याच रंगांत विणलेले असावे लागतात. मोजा वर धरणाऱ्या पट्ट्याला जोडलेल्या आणि मोज्याच्या दुमडीखालून डोकावणाऱ्या फितींना ‘फ्लॅश’ म्हणतात. त्या बहुधा एकरंगी असतात. किल्टच्या कापडाच्या फितीही मिळतात आणि त्यांचा आकार लहान असल्याने त्यांविषयी फारसा आक्षेप घेतला जात नाही.

प्लेड. डाव्या खांद्यावर मोठ्या ब्रूचने अडकवून पाठीमागे सोडलेल्या वस्त्राला ‘फ्लाय प्लेड’ म्हणतात. उपरण्यासारखे दिसणारे हे वस्त्र एकटार्टनी संकेताचा सर्वांत मोठा अपवाद आहे. ते किल्टच्याच टार्टनचे असले पाहिजे. याचे कारण इतिहासात आहे. किल्ट आणि खांद्यावरचा भाग हे मुळात एकच वस्त्र होते, आणि फ्लाय प्लेड त्याच वरच्या भागाची आठवण आहे. ते केवळ औपचारिक प्रसंगी वापरले जाते.

स्पोरन, पट्टा, पिन यांसारख्या चामडी व धातूच्या वस्तूंना टार्टनचा प्रश्न लागू होत नाही. तरी एक सूचना येथे उपयोगी आहे. किल्टची पिन पुढच्या दोन पदरांपैकी फक्त वरच्या पदराला लावावी. दोन्ही पदर एकत्र टोचल्यास चालताना कापड ताणले जाऊन फाटते.

अर्धवट जुळणीची अडचण

‘सारखेच टार्टन’ मागवूनही वस्त्रे जुळत नाहीत, हा अनेकांचा अनुभव आहे. एकाच सेटचे कापड वेगवेगळ्या छटांत विणले जाते. गडद छटांना ‘मॉडर्न’, फिकट छटांना ‘एन्शंट’ आणि ऊनपावसाने विटल्यासारख्या तपकिरी-करड्या छटांना ‘वेदर्ड’ म्हणतात. ‘एन्शंट’ या शब्दाचा अर्थ कापड किंवा रचना प्राचीन आहे असा नाही. जुन्या वनस्पतिजन्य रंगांसारखी छटा एवढेच त्यातून सूचित होते. शिवाय निरनिराळ्या गिरण्यांच्या ‘एन्शंट’ निळ्यातही फरक असतो, आणि टायसाठीची चौकडी किल्टच्या चौकडीपेक्षा बारीक विणलेली असते.

परिणामी एकाच नावाची दोन कापडे शेजारी आली की ती समान न दिसता चुकलेली दिसतात. पूर्ण भिन्न रंगाचा साधा टाय जाणीवपूर्वक निवडलेला वाटतो. किंचित भिन्न छटेचा टार्टन टाय मात्र नजरचुकीने घातल्यासारखा वाटतो. जुळणी टाळण्याच्या संकेतामागे हे व्यावहारिक कारण बरेच मोठे आहे. प्लेड व किल्ट एकाच वेळी, एकाच ठाणातून घ्यावेत असा सल्ला किल्टशिवणकार देतात तो यामुळेच.

दोन भिन्न टार्टन

दोन वेगळ्या कुळांची टार्टन एकत्र घालण्यावर आक्षेप आहे तो मात्र केवळ रंगांचा नाही. एकोणिसाव्या शतकापासून टार्टनला आडनावाचा अर्थ चिकटला आहे. एका कुळाचा किल्ट आणि दुसऱ्या कुळाचे प्लेड म्हणजे दोन निष्ठांची एकाच वेळी घोषणा, असे ते वाचले जाते. आईचे कूळ एक व वडिलांचे दुसरे असल्यास दोन्ही एकत्र न घालता प्रसंगानुसार एकेक निवडण्याची प्रथा आहे. विवाहात दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या टार्टनमध्ये येतात. बंधन एका व्यक्तीच्या अंगापुरते असते, समारंभापुरते नसते.

टार्टन कोणी वापरावे यावर सर्वसाधारणपणे कायद्याचे बंधन नाही. प्रिन्स अल्बर्ट यांनी रचलेले ‘बालमोरल’ टार्टन राजघराण्यासाठी व राजाच्या पाइपवादकासाठी राखीव मानले जाते. ज्यांचा कोणत्याही कुळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी ‘ब्लॅक वॉच’, ‘कॅलिडोनिया’, ‘हंटिंग स्ट्युअर्ट’ यांसारखी सर्वांना खुली मानलेली टार्टन आहेत. २००८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेली स्कॉटिश टार्टन नोंदवही २००९ पासून नव्या रचनांची नोंद करते. टोपीवरच्या कुलचिन्हाची गोष्ट वेगळी आहे. स्कॉटलंडमध्ये कुलचिन्हांना कायद्याचे संरक्षण असून, सामान्य कुलसदस्याने प्रमुखाचे चिन्ह पट्टा व बक्कल यांच्या वर्तुळात बसवूनच वापरायचे असते. एका कुळाचा किल्ट घालून दुसऱ्या कुळाचे चिन्ह लावणे ही टायच्या चुकीपेक्षा कितीतरी गंभीर चूक समजली जाते.

स्त्रियांची टार्टन सॅश

स्त्रिया औपचारिक पोशाखावर टार्टनची लांब पट्टी, म्हणजे सॅश, घेतात. स्कॉटलंडचे राजचिन्हाधिकारी सर टॉमस इनेस ऑफ लर्नी यांनी विसाव्या शतकात त्याच्या पद्धती सुचवल्या. सामान्य कुलस्त्रीने सॅश उजव्या खांद्यावर ब्रूचने अडकवावी. कुलप्रमुख स्त्री, कुलप्रमुखाची पत्नी किंवा पलटणीच्या कर्नलची पत्नी यांनी ती डाव्या खांद्यावर घ्यावी. विवाहानंतरही माहेरचे टार्टन वापरू इच्छिणाऱ्या स्त्रीने लांब सॅश उजव्या खांद्यावर अडकवून डाव्या कमरेवर मोठी गाठ मारावी. कोणाचे टार्टन घ्यायचे हा निर्णय त्या स्त्रीचा असतो, आणि तिसऱ्या पद्धतीत तो इतरांना दिसावा अशी सोय आहे. व्यवहारात मात्र अनेकींना या भेदांची कल्पना नसते.

अपवाद

सैन्यदले व पाइप बँड यांचा वेश आदेशाने ठरतो, त्यांना वरील अभिरुची लागू होत नाही. ब्लॅक वॉच पलटणीचे सैनिक स्वतःच्या गडद हिरव्या-निळ्या टार्टनमध्ये, तर त्यांचे पाइपवादक लाल ‘रॉयल स्ट्युअर्ट’मध्ये असत. हायलँड नृत्याच्या स्पर्धांत नर्तक किल्टशी जुळणारे टार्टन मोजे घालतात. ब्रिटिश सैन्यातील सातव्या व दहाव्या गुरखा रायफल्सच्या पाइपवादकांनी त्यांच्याशी संलग्न स्कॉटिश पलटणींमुळे अनुक्रमे ‘डग्लस’ आणि ‘हंटिंग स्ट्युअर्ट’ टार्टन स्वीकारले होते. भारतीय सैन्याच्या अनेक पाइप बँडमध्येही टार्टन दिसते. तेथे किल्टऐवजी विजार असून टार्टन केवळ खांद्यावरच्या प्लेडमध्ये किंवा पाइपच्या पिशवीच्या आवरणात असते.